उभं पिंप

१

अख्ख्या ओमानात माझ्यासारखा थापाड्या झाला नाही आणि होणार नाही. मस्कतपासून सलालापर्यंत माणसं मी बोटावर नाचवली. आता खरं सांगतो. मस्कत मी विमानतळाच्या काचेतून पाहिलं, सलाला अजून पाहायचंच आहे, आणि नाचवलेली माणसं मोजली तर आठ भरतात. त्या आठांतले पाच मुद्दाम फसायचे, कारण बांगड्याचं कालवण कॅम्पात माझ्याइतकं बरं कुणाला जमायचं नाही आणि मी रुसलो की सगळ्यांना अंडी खावी लागायची.

उरलेल्या तिघांतला एक माझा मेव्हणा, सादिक. हे त्याच्याबद्दल आहे. हसायचं तेवढं आताच हसून घ्या.

मी तय्यब, बाणकोट खाडीकाठचा, सातवी नापास. हैमाच्या बाजूला एकोणीस वर्षं पाण्याचा टँकर चालवला. हैमा म्हणजे पंप, पोलीस ठाणं, दवाखाना आणि चार हॉटेलं, चारही हॉटेलांत तेच चिकन. तिथून दुक्मच्या रस्त्याला लागलात की तेवढंही संपतं. आमच्या कोकणात माणूस दहा पावलं चालला की वळण येतं आणि वळणाआड कुणाचं तरी घर येतं. इथं वळणच नाही. बारीक खडी पसरलेली जमीन, ताटासारखी सपाट, आणि कडेला आभाळ टेकलेलं. उभे राहिलात तर चाळीस किलोमीटरमध्ये सगळ्यात उंच तुम्हीच. माझ्यासारख्या पाच फूट दोन इंचाच्या माणसाला हे सुख दुसरीकडे कुठं मिळणार?

या खडीवर बदू, म्हणजे वाळवंटातले अरब, राहतात. एक घर इथं, दुसरं वीस किलोमीटरवर. शेळ्या, उंट, एक पिकअप, आणि पोरगा सरकारी नोकरीत असला तर त्याचा पगार. सरकारनं सिमेंटची घरं बांधून दिली, तर त्यांनी आत शेळ्या ठेवल्या आणि स्वतः शेजारी तंबूत झोपले. मी पोट धरून हसलो होतो. मग एका ऑगस्टात दुपारी त्या घरात तासभर बसलो आणि मला शेळ्यांची दया आली. या सगळ्या संसाराला पाणी आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, दोन टँकरमधून जायचं. माझ्या टँकरच्या यादीत अकरा घरं होती.

सादिक आला २०१४ साली. वय बावन्न. आयुष्यभर बोटीवर खलाशी, बोट भंगारात निघाली म्हणून माझ्या टँकरवर दुसरा ड्रायव्हर होऊन आला. साधा माणूस. दुधात पाणी घातलं तरी ज्याला पाजायचं त्याला सांगून घालणारा. माझ्या बायकोनं, साबेरानं, फोनवर बजावलं होतं, "एकुलता भाऊ हाय माझा. तुमची थट्टा त्याला झेपत नाय. जसा धाडला तसा परत पायजे मला."

"जसाच्या तसा देतो," मी म्हटलं. "वर दोन किलो वाढवून."

२

आमच्या कामाच्या दोन रीती होत्या. दोन्ही नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवल्या नाहीत.

पहिली पिंपाची. घरं रस्त्यापासून पाच-सहा किलोमीटर आत, रस्त्यावरून दिसत नाहीत. म्हणून ज्या घराची टाकी रिकामी झाली ते घर आपलं निळं प्लास्टिकचं पिंप आणून रस्त्याच्या कडेला उभं करतं. उभं पिंप म्हणजे घसा कोरडा आहे. टँकरवाल्यानं तिथून आत वळायचं, टाकी भरायची आणि परत जाताना पिंप आडवं करायचं, तोंड घराकडे. उभं पिंप बघून पुढं निघून जाणारा माणूस त्या भागात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही.

दुसरी रीत थांबण्याची. घरापासून शंभर पावलांवर गाडी उभी करायची, एकदाच हॉर्न द्यायचा, खाली उतरायचं आणि घराकडे पाठ करून उभं राहायचं. आत बायाबापड्या असतात, त्यांना सावरायला वेळ द्यायचा. कुणी मागून 'तफद्दल' म्हणून बोलावलं की मगच वळायचं. तोवर मान फिरवायची नाही. एकोणीस वर्षांत मी कधी फिरवली नाही. थापाड्या असलो तरी असभ्य नव्हतो.

आता माझी थट्टा ऐका. आम्ही राहायचो त्या पोर्टाकॅबिनच्या मागं एक जुनं निळं पिंप पडलेलं होतं. बुडाजवळ चिरलेलं, त्यावर मी टायरच्या पंक्चरचं रबरी ठिगळ चिकटवलं होतं. एका मंगळवारी ते मी पिकअपमध्ये टाकलं आणि अठ्ठेचाळीस किलोमीटरच्या पाटीपाशी डाव्या हाताला उभं करून आलो. त्या बाजूला समुद्रापर्यंत एकही घर नाही. यादीत नाही, नकाशात नाही, कुणाच्या तोंडी नाही. बुधवारी सादिकची पाळी होती. तो वळणार, अर्धा तास खडी तुडवणार, कपाळाला हात लावून परत येणार आणि आठवडाभर मला हसायला पुरणार असा हिशेब होता.

बुधवारी तीन घरं असायची. तीन झाली की पाव टँकर पाणी उरायचं. संध्याकाळी सादिक आला तेव्हा मी टँकरवर टिचकी मारली. रिकामा.

"पाणी कुठं ओतलंस रे सादक्या?"

"घरात." त्यानं चपला काढल्या. "अकरा नाय दुल्हाभाई, बारा घरं हायत. अठ्ठेचाळीसच्या पाटीपासून सात किलोमीटर आत."

"आणि होतं कोण त्या घरात?"

तो माझ्याकडे बघून हसला. सादिक कधी डोळा मारत नसे. त्या दिवशी मारला.

"तुमाला नाय माहीत?"

मी खूश झालो. म्हटलं, माझ्या शाळेत विद्यार्थी निघाला. पठ्ठ्यानं डाव ओळखला, पाणी खडीवर सोडून दिलं आणि आता मलाच उलटा खेळवतोय. त्या रात्री त्याच्या ताटात मी बांगड्याचा मधला तुकडा वाढला.

त्यानं खाल्ला नाही. म्हणाला, "जेवून आलोय."

३

वाळवंटात पाणी ओतून देणं मला मात्र पटलं नाही. थट्टेलाही शिस्त असते. दुसऱ्या दिवशी पिकअप घेऊन मी बघायला गेलो.

पिंप आडवं केलेलं होतं. रीतीप्रमाणं, तोंड आतल्या बाजूला. टँकरच्या टायरच्या खुणाही होत्या. सरळ. रस्ता नसलेल्या जागी माणूस गाडी चालवतो तेव्हा खुणा वाकड्यातिकड्या होतात, कारण त्याला कुठं जायचं ते माहीत नसतं. या खुणा दोरी धरल्यासारख्या होत्या. मी काट्यावर नजर ठेवून त्यांच्यामागं गेलो. सात किलोमीटरला टँकरनं एक वळसा घेतला होता आणि खुणा परत फिरल्या होत्या.

घर नव्हतं. दगड नव्हता, राख नव्हती, लेंडी नव्हती. आणि ओल नव्हती. आता तुम्ही म्हणाल, चोवीस तासांत ऊन काय ठेवतं? मीही तेच म्हटलं. पण या खडीवर कुणी पाणी सांडलं तर ती जागा वाळल्यावर पापुद्रा धरते, पांढरट, पाय ठेवला की कुरकुर मोडते. टँकरवाल्याला हे घरच्या जोत्याइतकं माहीत असतं. मी वाकून वाकून शोधलं. खडी जशीच्या तशी.

मग मला लहर आली. समोर काही नसताना मी गाडी शंभर पावलं मागं घेतली, एकदा हॉर्न दिला, उतरलो आणि त्या रिकाम्या जागेकडे पाठ करून उभा राहिलो. कुणासाठी? बघायला तिथं माशीही नव्हती. पण मला प्रेक्षक लागत नाही, मी एकटाही स्वतःला हसवतो. सकाळचे अकरा वाजले असतील. इंजिन थंड होताना टक टक वाजत होतं. ते थांबलं.

मागं कुणीतरी बादली खाली ठेवली.

भरलेली बादली. रिकामी ठेवली की कडी आपटते. भरलेली ठेवली की आधी बूड टेकतं, मग पाणी कडेला एकदा आदळतं आणि मग कडी पडते. तिन्ही आवाज मी ऐकले. वारा होता का? होता. वाऱ्यानं बादलीचा आवाज होतो का? मी स्वतःला सांगितलं, होत असेल.

मान फिरवली असती तर कळलं असतं. नाही फिरवली. रीत म्हणून म्हणा. मी तसाच उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की मी वाट बघतोय, कुणी बोलावतंय का त्याची. कुणी बोलावलं नाही. मग मी खेकड्यासारखा आडवा आडवा सरकत गाडीपाशी गेलो, दार उघडलं आणि निघालो. आरशात बघितलं नाही असं लिहिलं तर फसणारे नववे तुम्ही व्हाल. आरशात धुरळा होता.

पिंप मी उचलून कॅम्पात आणलं आणि पोर्टाकॅबिनच्या मागं उलटं पालथं घालून ठेवलं. खलास, म्हटलं.

४

पुढच्या बुधवारी टँकर पुन्हा रिकामा आला.

"पिंप उभं होतं?" मी विचारलं.

"होतं."

"अठ्ठेचाळीसला?"

"दुल्हाभाई, तुमीच ठेवता आणि मलाच विचारता?"

मी मागं जाऊन बघितलं. माझं पिंप होतं जागेवर. पण पालथं घातलेलं पिंप आडवं झालेलं होतं आणि तोंड दुक्मच्या बाजूला. सादिकनं केलं असणार. त्याच्याशिवाय कोण? मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "शाबास. पण बस झालं आता. अर्बाबला कळलं तर दोघांना विमानात बसवील."

"खेळ तुमचा, मी कशाला थांबवू?" तो म्हणाला आणि अंथरुणावर पडला. "जेवायला उठवू नका. आज भाकऱ्या अगदी घरच्यासारख्या झालेल्या."

"कुणाच्या हातच्या?"

"तांदळाच्या," तो म्हणाला आणि हसत हसत कूस बदलली.

थट्टेखोर माणसाला एक रोग असतो. जग त्याला आपल्यासारखंच वाटतं. मला एकदाही असं वाटलं नाही की सादिक खरं बोलत असेल. आणि, हे मला फार उशिरा कळलं, सादिकलाही माझ्याबद्दल तसंच वाटत होतं.

तिसरा बुधवार झाला, चौथा झाला. सादिक कॅम्पात जेवेना. बुधवारी पोटभर जेवून यायचा आणि मंगळवारपर्यंत ते जेवण त्याला पुरायचं. पाणीही प्यायचा नाही. ओठ फुटले. मनगटाचं घड्याळ कोपरापर्यंत सरकू लागलं. हाताची कातडी चिमटीत धरली तर उचललेली तशीच राहायची. दवाखान्यात नेला तर डॉक्टरनं सलाईन लावलं, म्हणाला, उन्हानं होतं, पाणी पीत जा. सादिक म्हणाला, "पितो की. पोट भरून पितो." आणि माणूस खूश! बोटीवरच्या गोष्टी सांगायचा, गाणं गुणगुणायचा. आयुष्यात इतका हसलेला मी त्याला पाहिला नव्हता.

शुक्रवारी साबेराचा व्हिडिओवर फोन आला. तिनं भावाचं तोंड बघितलं आणि फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "फोन तुमच्या दुल्हाभाईला द्या."

मी घेतला.

"काय खायला घालता माझ्या भावाला?"

"तो खात नाय ग. मी काय..."

"सुकलाय तो. सुकवलेल्या बोंबलासारखा दिसतोय. तुमी काय केलंत?"

"मी काय करणार?"

"तुमी काहीच केलं नाय असं एकदा तरी झालंय?"

मी सांगितलं, पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढतो. काढलंही.

५

मुसल्लमबद्दल सांगायचं राहिलं. एकेचाळीसच्या पाटीचा म्हातारा बदू, माझ्या यादीतलं सातवं घर. त्याच्याशी माझं जमायचं, कारण तोही लबाड होता. एकदा त्यानं मला आंधळी शेळी विकली होती, मी त्याला बंद पडलेला रेडिओ.

शनिवारी मी ते पिंप घेऊन त्याच्याकडे गेलो. म्हटलं, कापून टाक, शेळ्यांना पाणी प्यायला दोन भांडी होतील. त्यानं माझ्यासमोर करवतीनं उभं कापलं. दोन अर्धे. एका अर्ध्यावर बुडाजवळ माझं रबरी ठिगळ. दोन्हींत पाणी ओतलं आणि शेळ्या सोडल्या.

शेळ्या आल्या, वास घेतला आणि चार पावलं मागं जाऊन उभ्या राहिल्या. तहानलेल्या शेळ्या, दुपारी.

मुसल्लम माझ्याकडे वळला. "कुठलं पिंप?"

मी अरबीत जेवढी जमते तेवढी हकीकत सांगितली. थट्टेची गोष्ट आहे म्हणून हसत हसत सांगितली. तो नेहमी माझ्याआधी हसायचा. या वेळी त्यानं एवढंच विचारलं, "उभं केलंस तेव्हा तुला कुणी पाहिलं?"

"कोण पाहणार? तिथं कुणी नाही."

त्यानं कॉफीचं भांडं उचललं आणि आत घेऊन गेला. माझ्यासाठी कप भरला होता, तो तसाच राहिला. बदूच्या दारात कॉफी आवरून घेतली जाणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी रस्त्यावरून आत वळून गेलो तर घर उठलेलं होतं. तंबू नाही, शेळ्या नाहीत, पिकअप नाही. पत्र्याची टाकीसुद्धा नेली होती. खडीवर निळे दोन अर्धे तेवढे पडले होते. मी गाडी थांबवली नाही.

६

मंगळवारी मी सादिकला म्हटलं, "उद्याची फेरी मी करतो. तू सामान बांध."

"मीच जातो. शेवटचा बुधवार. निरोप घेऊन येतो."

"कुणाचा निरोप? सादक्या, माझ्याकडे बघ. तिकडं घर नाय."

"बरं, नाय," तो म्हणाला, लहान पोराला म्हणावं तसं.

टँकरच्या चावीवर हात ठेवून मी झोपलो. ऑक्टोबरात या खडीवर समुद्राकडून धुकं येतं. पहाटे येतं ते सकाळी आठ-साडेआठपर्यंत राहतं. शेळ्यांचे केस त्यानं ओले होतात, हरणं दगड चाटून तहान भागवतात. त्या बुधवारी उठलो तेव्हा खिडकी पांढरी होती आणि सात वाजले होते. चावी उशीखाली होती. टँकर नव्हता.

दुसरी चावी अर्बाबकडे असते. त्याला फोन केला. तो म्हणाला, "तूच नेलीस ना सकाळी? आणि एवढं हसायला काय झालं होतं तुला?"

मी पिकअप काढली. धुक्यात बोनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. पाट्या एकेक करून जवळ येऊन उमटत होत्या. चाळीस. एकेचाळीस. तिथं मी डोळे समोर ठेवले. पंचेचाळीस. अठ्ठेचाळीसला गाडी उभी केली.

पिंप उभं होतं.

निळी पिंपं ओमानात लाखभर असतील. मी उतरलो, वाकलो आणि बुडाजवळ हात फिरवला. ठिगळ लागलं. वरपासून खालपर्यंत बोट फिरवून कापल्याची रेघ शोधली. रेघ नव्हती. पिंप अखंड होतं, धुक्यानं ओलं, आणि आत तळाशी हात घातला तर कोरडं ठणठणीत.

मी ते ढकललं. आडवं केलं. दोन्ही हातांनी दाबून धरलं, जनावर धरावं तसं. एकोणीस वर्षं दुसऱ्यांची पिंपं आडवी केली, स्वतःचं केलं ते एवढंच. आणि मग सादिकला फोन लावला. रस्त्यालगत टॉवर आहे, रेंज आत दहा किलोमीटर मिळते.

७

तिसऱ्या रिंगला त्यानं उचलला.

"सादक्या, कुठं हायस?"

"कुठं म्हणजे? आलोय. हॉर्न दिला, पाठ करून उभा हाय. हाक येऊ दे."

"ऐक. वळू नको. कुणी हाक मारली तरी वळू नको. तुझं तोंड रस्त्याकडे हाय ना? तसाच सरळ चालत ये. टँकर राहू दे. मी पाटीपाशी उभा हाय."

तो खळखळून हसला. "काय मस्त आवाज काढता दुल्हाभाई. रडल्यासारखा."

"रडतोयच मी! अरे, ते पिंप मी ठेवलं होतं. पहिल्यांदा. थट्टा केली तुझी. तिथं कुणी राहत नाय, कधी राहत नव्हतं. पहिल्या दिवसापासून तुला तिथं भेटतोय तो मी नाय. साबेराची शपथ घेऊन सांगतो."

शपथेनं त्याचं हसू थांबलं. माझी खोटी शपथ त्यानं कधी ऐकली नव्हती, एवढी एक गोष्ट मी थट्टेबाहेर ठेवली होती. फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. मग खडीवर पाऊल वाजलं. एक. दुसरं. तो चालू लागला होता. माझ्याकडे.

"असाच ये," मी म्हटलं. "असाच. मी बोलत राहतो, तू चालत राहा. शुक्रवारी घरी. साबेरा वाट बघते. ये."

तेवढ्यात धुकं हललं. उचललं नाही, फक्त पडदा सरकवून कुणी डोकवावं तसं बाजूला झालं. घर सात किलोमीटर आत असायला हवं होतं. माझ्यापासून दोनशे पावलांवर होतं. सिमेंटची भिंत, रंग न दिलेली, तिच्या कडेला टँकरचं मागचं चाक. अलीकडे सादिक, फोन कानाला, माझ्याकडे तोंड करून. त्याच्या मागं उघडं दार, आणि दारात एक बुटका माणूस, बनियन आणि चौकड्याची लुंगी, एक हात वरच्या चौकटीला टेकवून उभा. लग्न झाल्यापासून साबेरा मला सांगत आलीय की चौकटीला असा हात टेकवून उभं राहू नका, दाराला तेल लागतं.

त्याचा दुसरा हात कानापाशी होता.

धुकं पुन्हा मिटलं.

"सादिक!" मी फोनमध्येही ओरडलो आणि हवेतही. "मागं बघू नको! मी इथं हाय, रस्त्यावर! सरळ ये!"

पावलं थांबली. माझाच आवाज फोनमधून मला परत आला, जरा उशिरानं, जरा आनंदी. ये रे सादक्या, ऊन लागंल. हे मी बोललो नव्हतो. ऊन नव्हतंच त्या दिवशी.

खडीवर टाच फिरल्याचा आवाज आला. आणि मग सादिक हसत, लटक्या रागानं, थोरल्या माणसाला पहिल्यांदाच रंगेहाथ पकडल्याच्या सुखात बोलला:

"पुरे करा दुल्हाभाई. समोर दारात उभं राहून माझ्याशीच फोनवर बोलताय, ओठ हलताना दिसतायत मला. ठेवा तो फोन आता, आलोच आत."